उजव्या हाताला दार

आपण बांधलेली एक तरी भिंत या जगात उभी असावी, असं मधुकरराव पाटोळ्यांना एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या एप्रिल महिन्यात अचानक वाटू लागलं. वेळ तशी चुकीची होती. नागपुरात एप्रिलमध्ये माणसाला भिंत बांधावीशी वाटत नाही, भिंतीच्या सावलीत बसावंसं वाटतं. पण मधुकररावांची सव्वीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात गेली होती. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. एवढ्या वर्षांनंतर बोट दाखवून ‘हे मी केलं’ असं म्हणावं अशी एकही वस्तू त्यांच्यापाशी नव्हती. एक मुलगी होती, पण ती सगळी आईवर गेली होती.

निमित्त झालं ते आमच्या चर्चच्या मंडळीच्या उन्हाळी शिबिराचं. कुहीच्या पलीकडे पिंपळखुटी नावाच्या गावात ख्रिस्ती कुटुंबं नऊ. ती दर रविवारी कडुनिंबाखाली उपासनेला बसत. त्यांच्यातल्या रंभाबाईंनी आपल्या पडक्या गोठ्याची जागा प्रार्थनेच्या खोलीसाठी दिली, आणि नागपूरच्या आमच्या मंडळीनं ठरवलं की मे महिन्यात बारा दिवस तिथे जायचं, सकाळ-संध्याकाळ खोली बांधायची, आणि सोबत गावातल्या मुलांसाठी उन्हाळी बायबल शाळा चालवायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बिशपसाहेब स्वतः येऊन खोलीत पहिली उपासना घेणार होते. तारीख त्यांच्या डायरीत पक्की झाली होती. खोली मात्र अजून विटांच्या भट्टीत होती.

बायबल शाळा इंदूबाईंकडे, म्हणजे मधुकररावांच्या पत्नीकडे जाणार हे उघडच होतं. त्या चौदा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. बांधकाम चंद्रभान उबाळ्यांकडे जाणार, हेही सगळे धरून चालले होते. चंद्रभान रेल्वेत मालगाडीचे गार्ड, आवाज शिट्टीसारखा, आणि त्यांनी स्वतःच्या घराचं कुंपण स्वतः बांधलं होतं.

“मधुकरराव, तुम्ही कागदपत्रं पाहा,” चंद्रभान बैठकीत प्रेमानं म्हणाले. “कागदात तुमचा हात कोणी धरू शकत नाही.”

मधुकरराव उभे राहिले. मंडळीचे चिटणीस म्हणून अकरा वर्षांत ते बैठकीत इतिवृत्त वाचण्यापलीकडे कधी उभे राहिले नव्हते, त्यामुळे सगळ्यांनी सवयीनं मान्यतेसाठी हात वर केले.

“कागदपत्रं पाहीनच,” ते म्हणाले. “पण पुढची भिंत मी बांधणार.”

हात वर होतेच, त्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला. चंद्रभान अडून बसले, तेव्हा पाळकसाहेबांनी तोडगा काढला: पुढच्या भिंतीची अर्धी बाजू मधुकररावांची, अर्धी चंद्रभानची.

ही बातमी शेजारी मारोतरावांना कळली तेव्हापासून मधुकररावांना मार्गदर्शनाची कमतरता पडली नाही. मारोतरावांचं कापडाचं दुकान होतं, पण त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधलं होतं. त्या घरातला माडीचा जिना न्हाणीघरातून वर जातो. घरात कोणी आंघोळीला बसलं की माडीवरची माणसं माडीवरच राहतात.

“भिंतीत काही नाही, मधुकरराव,” ते कुंपणावरून म्हणायचे. “दोरी आणि ओळंबा. बाकी सगळा मनाचा खेळ. आणि खिशात कांदा ठेवत जा, लू लागणार नाही.”

मधुकररावांनी अंगणात सराव सुरू केला. चाळीस विटा आणल्या आणि ऑफिसातून आल्यावर रोज एक गुडघाभर भिंत बांधायची, ओळंबा लावून तपासायची आणि पाडायची. सहाव्या दिवशी भिंत पाडण्याची गरज पडली नाही. मारोतरावांच्या गायीनं येऊन तिला मान घासली.

“आपली गाय वजनदार आहे,” मारोतराव म्हणाले. “भिंतीत तसा दोष नव्हता.”

मग सिमेंट. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. जमिनीवर कोबा घालायला पाच पोती हवी होती, म्हणून मधुकरराव अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेले. एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनापुढे उभं राहणं हा अनुभव त्यांना नवीन नव्हता, पण आजवर ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असत. कारकुनानं अर्ज वाचला आणि छापील फॉर्म काढला. फॉर्मवर बांधकामाचे चार प्रकार होते: राहतं घर, विहीर, गोठा, शौचालय.

“प्रार्थनेची खोली यात बसत नाही,” कारकून म्हणाला.

“मग एक ओळ वाढवा.”

“फॉर्म मुंबईहून छापून येतात, साहेब. ओळ वाढवायची तर मुंबईला लिहावं लागेल.” त्यानं जमिनीचा उतारा पुन्हा पाहिला. माणूस वाईट नव्हता. “ही जागा सरकारी दप्तरी गोठा म्हणून आहे. गोठ्यावर खूण करता का? आजच देतो.”

खोटं लिहायचं नाही हा मधुकररावांचा कडक नेम. ते फॉर्म घेऊन तसेच पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेबांनी चष्मा लावून चारही प्रकार वाचले.

“मधुकरराव, आपल्या प्रभूचा जन्म कुठे झाला?”

मधुकररावांनी गोठ्यावर खूण केली. तरीही ‘मी खाली सही करणार असे जाहीर करतो की सदर गोठा केवळ माझ्या वापरासाठी आहे’ या वाक्याखाली सही करण्याआधी त्यांनी ते तीनदा वाचलं. पाचाऐवजी तीन पोती मिळाली. गुरांना कोबा एवढाच लागतो, असं त्यांना सांगण्यात आलं.

मेच्या मध्यावर आठ पुरुष, पाच बायका, दोन ट्रंका, एक हार्मोनियम आणि एक मोठं काळं कांबळं असा लवाजमा एसटीनं पिंपळखुटीला पोहोचला. कांबळं इंदूबाईंचं. बायबल शाळेत गोष्ट सांगताना कांबळं टांगायचं आणि फ्लॅनेल लावलेली कागदी चित्रं त्यावर चिकटवत जायची, अशी त्यांची पद्धत. त्या वर्षी नोहाचं तारू होतं. तारू, नोहा, त्याची बायको, आणि बत्तीस प्राणी, जोड्याजोड्यांनी.

गावात गवंडी होते नत्थूजी. साठीचे, बारीक, बोलणं कमी. त्यांच्या हाताखाली आमच्या लोकांनी चिखल तुडवला, विटा वाहिल्या, आणि पाच दिवसांत मागची भिंत आणि दोन्ही बाजूच्या भिंती उभ्या राहिल्या. सातव्या-आठव्या फुटाला नत्थूजी थांबले आणि म्हणाले, “आता समोरची. पयले चौकट.”

सागवानी चौकट रंभाबाईंच्या अंगणात येऊन पडली होती. तिच्यावर त्यांच्या कोंबड्या बसत.

“तर बसवा,” मधुकरराव म्हणाले.

“नारळ कुठं हाय?”

इथून प्रकरणाला वळण लागलं. नत्थूजींनी चाळीस वर्षांत नारळ फोडल्याशिवाय आणि डोक्याला नवा दुपट्टा बांधल्याशिवाय एकही चौकट उभी केली नव्हती. मधुकररावांनी त्यांना समजावलं की ही प्रार्थनेची खोली आहे, इथे पाळकसाहेब प्रार्थना करतील, नारळाची गरज नाही.

“प्रार्थना करा नं, म्या कुठं नाही म्हणून राहिलो,” नत्थूजी शांतपणे म्हणाले. “पर नारळ नाही फोडला तं चौकट बसत नाही. बसली तं टिकत नाही. आन टिकली तं घरात भांडणं होते.”

भांडण चौकट बसण्याआधीच झालं. चंद्रभान म्हणाले, “नारळ हे फळ आहे, मधुकरराव. फोडलं तर फोडलं. खोबरं खाऊ.”

“आज नारळ, उद्या लिंबू-मिरची,” मधुकरराव म्हणाले. “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तुमच्या तत्त्वात दार नाही बसणार.”

“तुमच्या गाडीत ब्रेक नाही तसं तुमचं बोलणं आहे.”

गार्डला ब्रेकवरून बोलणं म्हणजे हद्द झाली. दोघांचं बोलणं त्या क्षणापासून बंद झालं. मधुकररावांनी रीतसर मार्ग धरला. नागपूरच्या कमिटीला तीन प्रतींत पत्र लिहून त्यांनी नारळाबाबत निर्णय मागवला. कमिटीनं विषय उपसमितीकडे सोपवला, आणि उपसमितीचं उत्तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आलं, यावरून त्या वेळी त्याचा किती उपयोग झाला असेल हे समजावं. नत्थूजींनी हत्यारं गोळा केली. “माह्या भाचीचं लगन हाय कन्हानले. तुमचं ठरू द्या. म्या शनवारी येतो.”

“तोवर पुढची भिंत?” मधुकररावांनी विचारलं.

“चौकटीची जागा सोडा, बाकीची बांधा. म्या आलो का चौकट बसवून देतो. साडेतीन फूट दारले, दोन फूट खिडकीले. तुमच्या कागदात हाय नं?”

कागदात होतं. नकाशा मधुकररावांनी स्वतः काढला होता, पट्टीनं, शाईत, आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘दार व खिडकी उजव्या हाताला’. आता पुढची भिंत चौदा फुटांची. मध्यावर दोरी बांधून सात-सात फुटांचे दोन भाग केले. मधुकरराव ऊन टाळण्यासाठी खोलीच्या आतून बांधत होते. आतून भिंतीकडे तोंड केलं की त्यांचा भाग डावीकडचा. उजव्या हाताला चंद्रभानचा भाग, म्हणून दार चंद्रभानच्या भागात. चंद्रभानना उन्हाची सवय, ते बाहेरून बांधत होते. बाहेरून भिंतीकडे तोंड केलं की त्यांचाही भाग डावीकडचा. उजव्या हाताला मधुकररावांचा भाग, म्हणून दार मधुकररावांच्या भागात. दोन्ही माणसं आपापल्या जागी पूर्णपणे बरोबर होती. एक शब्द बोलली असती तर भागलं असतं, पण बोलणं बंद होतं.

बाकीच्या सहा पुरुषांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांनी पाहिलं होतं. पण प्रत्येकाला वाटलं की दोन जबाबदार माणसांनी काही विचार केला असेल. रंभाबाईंनीही पाहिलं होतं. पुढे त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मले वाटलं, तुमच्या शहरात टिनाच्या छपरावरून उतरत असन.”

बायबल शाळा सुरुवातीला कडुनिंबाखाली भरली. बुधवारी सकाळी दहा वाजता लूचा गरम वारा सुटला आणि कांबळ्यावरचे प्राणी उडाले. मुलं शेतभर धावली. हत्ती विहिरीच्या काठावर सापडला, उंट कुंपणात, कबुतर मात्र परत आलं नाही. इंदूबाई म्हणाल्या की गोष्टीतही तसंच आहे. शाळा त्यांनी तीन भिंतींच्या आत हलवली आणि कांबळं टांगायला जागा शोधली. चंद्रभाननी आपली सात फुटांची बाजू दीड दिवसात उंच नेऊन टाकली होती, तिच्यावरच आतून कांबळं टांगलं. बोलणं बंद झाल्यापासून मधुकरराव त्या बाजूला मान वळवत नव्हते; कांबळं दिसलं तेव्हा त्यांची समजूत झाली की इंदूबाईंनी दाराच्या मोकळ्या जागेवर लू अडवायला पडदा लावला आहे. त्यांना बायकोचं कौतुक वाटलं. ते बोलून दाखवण्याची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून तेही राहिलं.

मधुकररावांचं काम संथ चाललं होतं. ते प्रत्येक विटेला ओळंबा लावत. वीट बसवायची, ओळंबा सोडायचा, तो हलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची, मग चिखल, मग पुढची वीट. चंद्रभान आपलं काम संपवून निंबाखाली चहा पीत बसले आणि कोणाला तरी मोठ्यानं सांगत राहिले की काही लोक भिंत बांधत नाहीत, भिंत टाइप करतात. मधुकरराव ऐकत आणि पुढची वीट लावत. त्यांच्या बाजूला अडीच फुटांची फट शिल्लक होती, आणि शाळेची मुलं, चिखलाची घमेली, रंभाबाईंच्या कोंबड्या, सगळे त्याच फटीतून आत-बाहेर करत. प्रत्येक वेळी मधुकररावांना बाजूला व्हावं लागे. ‘समोर एवढा दरवाजा असताना लोक कामात का येतात,’ असं त्यांच्या मनात अनेकदा येऊन गेलं.

शुक्रवारी सकाळी चंद्रभान सायकलनं कुहीला गेले, टिनाचं छप्पर बसवणारी माणसं आणायला. मधुकररावांनी ठरवलं, ते परत येण्याआधी आपली बाजू पुरी करायची. सातला त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या मागे एकतीस मुलं मांडी घालून बसली होती आणि इंदूबाई तारवाची गोष्ट पुढे नेत होत्या. मधुकररावांचा हात त्या दिवशी असा चालला की त्यांनाच आश्चर्य वाटलं. फट गुडघ्याएवढी भरली, कमरेएवढी भरली, छातीएवढी भरली. परांचीवर, म्हणजे बांबूच्या मचाणावर, चढून त्यांनी वरचे थर घातले. साडेनऊला शेवटची वीट बसली. त्यांनी ओळंबा सोडला. दोरी भिंतीला समांतर अशी उभी राहिली की जणू भिंतीचीच एक रेघ. मधुकरराव ती रेघ बराच वेळ पाहत राहिले.

मागून मनकर्णा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, “बाई, तारवाले दारं किती होते?”

“एकच होतं,” इंदूबाई म्हणाल्या. “बाजूच्या अंगाला. सगळे प्राणी आत गेले आणि देवानं दार बंद केलं.”

“एक तं होतं,” मनकर्णा म्हणाली आणि चारही भिंतींकडे पाहू लागली.

इंदूबाईंनी गोष्ट संपवली, वचन म्हणवून घेतलं, मुलांना रांगेत उभं केलं आणि त्या फटीकडे वळल्या. तिथे भिंत होती. भिंतीसमोर परांचीवर मधुकरराव थापी हातात घेऊन उभे होते, आणि लग्नातल्या फोटोनंतर इंदूबाईंनी त्यांचा चेहरा इतका प्रसन्न पाहिला नव्हता.

“छान झाली,” इंदूबाई म्हणाल्या. “आता आम्ही जायचं कुठून?”

“दारातून जा ना,” मधुकरराव उदारपणे म्हणाले आणि थापीनं कांबळ्याकडे खूण केली.

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कांबळ्याकडे गेल्या, तारवाच्या खालचा कोपरा धरला आणि वर उचलला. मागे विटा होत्या. त्यांनी दुसरा कोपरा उचलला. तिकडेही विटाच होत्या. कांबळं त्यांनी हळूच खाली सोडलं, जिराफ निघाला होता तो परत चिकटवला.

“अहो,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, मुलांसमोर त्या नवऱ्याला कधी मोठ्यानं बोलत नसत, “तुमच्या नकाशात दार कोणत्या हाताला आहे?”

“उजव्या.”

“कोणाच्या?”

मधुकररावांनी तोंड उघडलं. आत उभं राहून उजवा हात वर केला. मग मनातल्या मनात भिंतीच्या बाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथूनही उजवा हात वर केला. दोन हात दोन बाजूंना गेले. परांचीवर बसायला फारशी जागा नसते, तरी ते बसले.

त्याच वेळी बाहेर सायकलची घंटी वाजली. चंद्रभानच्या पायांचा आवाज भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, आणि थांबला.

“आत कोणी आहे का?” चंद्रभाननी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शिट्टीसारखा नव्हता.

“तेहतीस जण,” इंदूबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं भिंतीवर बाहेरून शिडी टेकल्याचा आवाज आला आणि चंद्रभानचं डोकं वर दिसलं. चार दिवसांनी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधुकररावांनी परांचीवरून पहिलं मूल उचललं.

“धरा,” ते म्हणाले.

“धरलं,” चंद्रभान म्हणाले.

अशा रीतीनं बोलणं पुन्हा सुरू झालं. एकतीस मुलं भिंतीवरून गेली, एकतीस वेळा ‘धरा’ आणि एकतीस वेळा ‘धरलं’. एकदा बाहेर पडलेलं मूल काही केल्या परत आत येऊ शकत नव्हतं. इंदूबाईंच्या चौदा वर्षांच्या नोकरीत हजेरी इतकी अचूक कधीच लागली नव्हती. मग इंदूबाईंसाठी शिडी आत घेण्यात आली. त्या पदर खोचून चढल्या, वर पोहोचल्यावर थांबल्या, गावाकडे पाहिलं, गाव त्यांच्याकडे पाहत होतं, आणि त्या एखाद्या परीक्षेला जावं तशा खाली उतरल्या. मधुकरराव शेवटी निघाले.

शनिवारी दुपारी नत्थूजी कन्हानहून आले. अंगावर हळदीचे डाग, तोंडात विडा. त्यांनी खोलीला एक चक्कर मारली. दुसरी मारली. मग मधुकररावांसमोर येऊन उभे राहिले.

“साहेब, धान्याची कणगी बांधली का?”

चंद्रभान म्हणाले, “चूक दोघांची आहे, नत्थूजी. उद्या सकाळी नवाला बिशपसाहेब येऊन राहिले. काय करता येते ते सांगा.”

नत्थूजींनी ओळंबा काढला. आधी चंद्रभानच्या बाजूला लावला. ओळंबा वर भिंतीला टेकला आणि खाली चार बोटं लांब राहिला. त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मग मधुकररावांच्या बाजूला लावला. एका जागी, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. भिंतीवरून हात फिरवला, बोटाच्या पेरानं वीट ठोकून पाहिली.

“हे कोनं बांधली?”

“मी,” मधुकरराव म्हणाले.

“तुमी?” नत्थूजींनी त्यांच्याकडे नव्यानं पाहिलं. “सूत हाय सूत. वीस वर्साच्या कारागिराले अशी जमत नाही.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मधुकररावांच्या गोपनीय अहवालात ‘समाधानकारक’ याखेरीज एकही शब्द लिहिला गेला नव्हता. त्यांना काही तरी उत्तर द्यायचं होतं, पण नत्थूजींचं बोलणं संपलं नव्हतं.

“म्हनून हेच तोडा लागन,” ते म्हणाले.

“काहून?” चंद्रभान पुढे आले. “माझी वाकडी आहे ना, माझी तोडा. मी सांगून राहिलो, माझी तोडा.”

“तुमची वाकडी हाय म्हनूनच उभी हाय, गार्डसाहेब. कोपऱ्याच्या भरवशावर टेकली हाय. तिले एक छिद्र पाडलं का सारी बसन, अन् पुन्हा बांधाले दोन दिवस लागन. वाकडी भिंत तोडता येत नाही. तोडता येते ते सरळ.”

यावर तर्कानं बोलण्यासारखं काही नव्हतं. मधुकररावांनी दोनदा विचार करून पाहिला. इंदूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. “वं बाई, यायले बसू द्या सावलीत,” नत्थूजी म्हणाले, “म्या काढतो विटा.”

“मी काढतो,” मधुकरराव म्हणाले.

नत्थूजींनी वरच्या विटांचा भार पेलायला लाकडी तोडा घालून दिला आणि खडूनं दोन चौकोन आखले, साडेतीन फुटांचा एक, दोन फुटांचा एक. मधुकररावांनी छिन्नी घेऊन वीट न वीट स्वतः काढली. चार दिवस आवक केली होती, आता जावक. प्रत्येक वीट त्यांना ओळखू येत होती, ही कोपरा उडालेली, ही मंगळवारी दुपारची, ही मनकर्णानं आणून दिलेली. चंद्रभान पलीकडून विटा झेलत होते. “धरा,” “धरलं,” एवढंच चाललं होतं. संपलं तेव्हा सात फुटांच्या भिंतीतून दीड फूट तेवढं अखंड शिल्लक राहिलं होतं.

आता चौकट. कोंबड्यांना उठवून ती आणली गेली. नत्थूजी तिच्यापाशी उभे राहिले आणि हात मागे बांधून आभाळाकडे पाहू लागले. नारळाचा प्रश्न जिथे होता तिथेच होता, आणि दिवस उतरायला लागला होता.

तेवढ्यात रंभाबाई घरातून आल्या. पदराखाली काही तरी होतं.

“मधुकरराव, उद्या बिशपसायबाले जेवणात चटणी लागन का नाही?”

“लागेल,” मधुकरराव म्हणाले.

“खोबऱ्याची बरी राहीन का नाही?”

“बरी राहील.”

“मंग नारळ फोडा लागन का नाही?” त्यांनी पदराखालून नारळ काढला. “घरात पोरं, पाहुणे, साऱ्या भांड्यायचा पसारा. एक धड दगड सापडून नाही राहिला. हा उंबरठा बरा कडक दिसते.”

मधुकररावांनी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या कांबळ्याची घडी करण्यात गुंतल्या होत्या, आणि घडी काही केल्या संपत नव्हती. रंभाबाईंनी नारळ चौकटीच्या उंबरठ्यावर एका दणक्यात फोडला. पाणी सांडलं ते सांडलं. दोन्ही वाट्या उचलून त्या चटणी वाटायला आत गेल्या. चंद्रभाननी आपल्या ट्रंकेतला नवा, घडी न मोडलेला दुपट्टा आणून नत्थूजींना दिला. “घाम आला तुम्हाला,” ते म्हणाले, “पुसा.” नत्थूजींनी तो डोक्याला बांधला आणि चौकटीला हात घातला. संध्याकाळी मधुकररावांनी शिबिराच्या इतिवृत्तात नोंद केली: ‘दु. ४ वा. स्वयंपाकासाठी एक नारळ फोडण्यात आला. तदनंतर चौकट बसली.’ दोन्ही वाक्यं खरी होती.

रविवारी बिशपसाहेब नवाला आले. छपराची टिनं सकाळी सातला चढली होती. चंद्रभानच्या भिंतीचा वाकडेपणा दिसू नये म्हणून तिच्यावर कांबळं टांगलं होतं, नोहाच्या तारवासकट, आणि बिशपसाहेबांनी उपदेशात दोनदा त्या चित्राची स्तुती केली. मुलांनी वचन म्हटलं. रंभाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि गाण्यात इतरांच्या अर्धी ओळ पुढे होत्या. उपासना संपल्यावर बिशपसाहेब खोली पाहत फिरले. कोणी कोणती भिंत बांधली ते पाळकसाहेब सांगत गेले.

“मागची आणि बाजूच्या नत्थूजींच्या. इथली अर्धी चंद्रभानची.”

“उत्तम,” बिशपसाहेब म्हणाले आणि मधुकररावांकडे वळले. “आणि आपण काय बांधलंत?”

मधुकररावांनी दाराच्या आणि खिडकीच्या मधल्या दीड फुटाकडे पाहिलं. तिथे बोट दाखवता आलं असतं. चंद्रभान त्यांच्याकडे पाहत होते, नत्थूजीही पाहत होते.

“साहेब, आपण आत आलात ना,” ते म्हणाले, “तिथे.”

बिशपसाहेबांना समजलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि वळून दाराकडे पाहिलं. दारातून मनकर्णा आत आली, बाहेर गेली, आणि पुन्हा आत आली. तिला आत काही काम नव्हतं.